उसाची नोंद आणि वारणेचे संगणक

१९९८ च्या मे महिन्यात दिल्लीच्या सरकारने माहिती तंत्रज्ञानाच्या प्रसारासाठी एक राष्ट्रीय कृतिदल नेमले, आणि त्या कृतिदलाच्या विचारविनिमयातून जे थोडे प्रयोग प्रत्यक्षात आले त्यांतील एक कोल्हापूर जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, वारणा नदीच्या खोऱ्यातील उसाच्या मळ्यांत आकाराला आला. पन्हाळा तालुक्यातील वारणानगर हे त्याचे केंद्र. नदीच्या अलीकडील कोल्हापूर जिल्ह्यातील आणि पलीकडील सांगली जिल्ह्यातील मिळून ७० गावे संगणकाच्या जाळ्याने जोडावयाची, गावोगावी माहितीचे एकेक केंद्र उघडावयाचे, आणि शेती, आरोग्य, शिक्षण व बाजारभाव यांविषयीची माहिती शेतकऱ्यास त्याच्या भाषेत, त्याच्या गावात, त्याला सवड असेल त्या वेळी मिळावी अशी तजवीज करावयाची, असा तो संकल्प होता. सुमारे अडीच कोटी रुपयांच्या खर्चापैकी निम्मा भार केंद्र सरकारने, चाळीस टक्के राज्य सरकारने आणि उरलेला वारणेच्या सहकारी संस्थांनी उचलावा असे ठरले. तांत्रिक बाजू राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे सोपविण्यात आली, आणि ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ या नावाने हा उपक्रम सरकारी कागदपत्रांत रुजू झाला.

पडद्यावरील पान सामान्य माणसाला सहज वापरता यावे म्हणून त्याची मांडणी कशी करावी, या विद्येचा इतिहास सांगणारे लेखक बहुधा जिनिव्हाजवळच्या त्या प्रयोगशाळेपासून प्रारंभ करतात, जेथे टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जागतिक जाळ्याची कल्पना मांडली. आणि तेथून अमेरिकेत येऊन ते जेकब नील्सन यांच्या १९९७ च्या त्या प्रसिद्ध निरीक्षणापाशी स्थिरावतात, की जाळ्यावरील मजकूर लोक ओळीने वाचीत नाहीत, त्यावरून नजर फिरवितात. नील्सन यांनी पारखलेल्यांपैकी शेकडा ७९ जणांनी तसेच केले होते. हा इतिहास खरा आहे. परंतु कोल्हापूरच्या माणसाला तो अपुरा वाटावा, कारण त्यातील वाचक नेहमी एकटा असतो, त्याच्यासमोर पडदा असतो, आणि त्या दोघांच्या मध्ये तिसरे कोणी नसते. आमच्याकडे मात्र नोंद आणि माणूस यांच्यामध्ये कोणी ना कोणी उभा असण्याची परंपरा शतकांची आहे, आणि वारणेच्या संगणकांचे पुढे जे झाले ते या परंपरेकडे पाठ फिरवून समजणे शक्य नाही.

करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात, आणि तसे पाहिले तर अवघ्या मराठी मुलखात, गावचे दफ्तर कुलकर्ण्याच्या घरी असे. कोणाची किती जमीन, तिची आकारणी काय, वसूल किती आला, थकबाकी कोणाकडे, हे सारे मोडीत लिहिलेले. आणि मोडी ही लिपीच मुळी हात न उचलता झरझर लिहिणाऱ्या कारकुनाच्या सोयीची. तिचा वेग लिहिणाराला मिळे आणि त्या वेगाची किंमत वाचणाराला मोजावी लागे. एकेका अक्षराची वळणे लेखकागणिक पालटत, शब्दांमध्ये अंतर सोडण्याची चाल नसे, विरामचिन्हे जवळजवळ नसतच, आणि एका घराण्याचे दफ्तर त्या घराण्यातील माणसाला जितके सुगम तितके ते परक्या मोडीजाणकारालाही दुर्गम ठरे. दफ्तर वाचता येणे हाच जेथे अधिकार, तेथे ते इतरांना वाचता यावे अशी इच्छा दफ्तर बाळगणाराला का व्हावी? रयतेने जायचे, ओसरीवर बसायचे, विचारायचे आणि सांगतील ते खरे मानायचे, हा शिरस्ता होता. त्यात प्रामाणिक कुलकर्णीही पुष्कळ होऊन गेले असतील, पण त्यांच्या प्रामाणिकपणाची पडताळणी करण्याचे साधन रयतेपाशी नव्हते.

या शिरस्त्याला कोल्हापुरात मोठा धक्का शाहू छत्रपतींनी दिला. १९१७ मध्ये त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम काढला, आणि पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, कुलकर्णी वतने खालसा करून त्यांच्या जागी पगारी तलाठी नेमण्याची पद्धत सुरू केली. या दुसऱ्या निर्णयामागे ब्राह्मणेतर चळवळीचे राजकारण होते हे नाकारण्याचे कारण नाही. त्यावर त्या काळी उठलेले वादळही मोठे होते. तथापि प्रस्तुत विषयापुरते पाहावयाचे तर या दोन हुकुमांकडे एकत्र पाहणे उचित होईल, कारण एकाने नोंद वाचणाराला अक्षरओळख देऊ केली आणि दुसऱ्याने नोंद ठेवणाराचा वंशपरंपरागत मक्ता काढून घेतला. वापरणाराच्या सोयीचा विचार करताना हल्लीचे लोक बहुधा पानाच्या मांडणीपासून सुरुवात करतात. महाराजांनी मांडणीला हातही न लावता तिच्या दोन्ही टोकांची माणसे बदलली, आणि माझ्या मते कोल्हापुरात या दिशेने झालेली सर्वांत मोठी सुधारणा अजूनही तीच आहे.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. मोडी कचेरीतून गेली, बाळबोध आली, आणि गावनमुन्यांची मुंबई राज्यातील घडी येथेही बसली. त्या नमुन्यांपैकी अधिकार सांगणारा सातवा आणि पिके सांगणारा बारावा हे दोन एका कागदावर आले आणि ‘सातबारा’ हा शब्द घरोघरी झाला. परंतु घरोघरी झालेला हा कागद घरात वाचता येत होता असे मात्र म्हणता येत नाही. वर्तुळात कोंडलेले फेरफाराचे आकडे, कंसात घातलेली मयतांची आणि फिटलेल्या बोजांची नावे, पोटखराब्याचा वेगळा हिशेब, हेक्टर-आरचे गणित आणि शेतकऱ्याच्या डोक्यातील एकर-गुंठे यांचा न जुळणारा मेळ, यांमुळे अक्षरे ओळखणारा माणूसही शेवटी उतारा तलाठ्यापुढे धरून ‘अण्णा, एवढं बघा की’ असे म्हणे. कंसात घातलेले नाव म्हणजे रद्द झालेले नाव, ही खूण कागदावर कोठेही लिहिलेली नव्हती. ती तलाठ्याच्या डोक्यात होती आणि चावडीत आल्याशिवाय कळत नव्हती.

उसाच्या मुलखात या सरकारी दफ्तराच्या शेजारी दुसरे एक दफ्तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभे राहिले, आणि दैनंदिन जीवनात ते पहिल्याहून अधिक महत्त्वाचे ठरले. १९५० च्या सुमारास प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखान्याचा जो पाया घातला, त्याचे अनुकरण कोल्हापुरात त्याच दशकात झाले. वारणेकाठी तात्यासाहेब कोरे यांनी माळरानावर कारखाना उभा केला आणि त्याच्या आधाराने पुढे दूध संघ, बझार, शाळा, अभियांत्रिकी महाविद्यालय असा संस्थांचा विस्तार होत गेला. या व्यवस्थेत शेतकरी हा सभासद झाला, म्हणजे कागदोपत्री मालक झाला. आणि मालक झाल्याबरोबर त्याच्याभोवती चिठ्ठ्यांचे एक नवे जग निर्माण झाले, ज्याची ओळख करून घेतल्याखेरीज वारणेच्या संगणकांवर काय घडले ते कळावयाचे नाही.

उसाची लागण झाली की तिची नोंद कारखान्याच्या गट कार्यालयात करावी लागते. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू की खोडवा, वाण कोणता, क्षेत्र किती, आणि विशेषतः लागणीची तारीख कोणती, हे त्या नोंदीत येते, कारण पुढे तोडीची पाळी मुख्यतः या तारखेवरून लागते. हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो. या अवधीत हजारो सभासदांचा ऊस मोजक्या टोळ्यांनी तोडावयाचा असतो. पाळी आली की कारखान्याचा चिटबॉय तोडणीची चिठ्ठी घेऊन येतो, मुकादम टोळी घेऊन फडात शिरतो, बैलगाडी वा ट्रॅक्टर कारखान्याच्या काट्यावर जातो, भरलेल्या आणि रिकाम्या गाडीच्या वजनांतील फरक काटापावतीवर उमटतो, आणि त्यावरून यथावकाश बिल निघते. पाळी लांबली तर उभ्या उसाला तुरा येतो आणि वजन घटते. तोडलेला ऊस फडात किंवा गाडीत पडून राहिला तर एका दिवसातही त्यातील साखर उतरू लागते. तेव्हा सभासदाचे प्रश्न मोजून चारच असतात: माझी नोंद लागली का, माझी तोड कधी, माझ्या उसाचे वजन किती भरले, आणि माझे बिल केव्हा जमा होणार. याशिवाय उधारीवर किती खत उचलले आणि ते कोणत्या बिलातून कापले जाईल, हा पाचवा प्रश्न धरावा. या प्रश्नांची उत्तरे कारखान्याच्या खतावणीत होती, आणि त्यांसाठी सायकलीवर किंवा एसटीने गट कार्यालयात जाऊन कारकुनाला सवड होईपर्यंत थांबणे हे सभासदत्वाचे एक न लिहिलेले कर्तव्यच होऊन बसले होते.

अशा या जगात १९९८ नंतर संगणक आले. गावोगावी मिळून ५४ केंद्रे चालू झाली. प्रत्येकात एक संगणक, एक छापयंत्र, दूरध्वनीच्या तारेवरून चालणारी जोडणी आणि एक केंद्रचालक. त्या काळी पडद्यावर मराठी आणणे हेच एक दिव्य होते, याची आज कल्पना येणे कठीण आहे. देवनागरीसाठी भारतीय प्रमाण संकेत १९९१ पर्यंत तयार झाला होता आणि त्याच वर्षीच्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागाही मिळाली होती. परंतु प्रत्यक्षात प्रत्येक संगणकावर ज्याचा त्याचा खासगी अक्षरसंच असे, तो नसेल तर मराठी पानावर नुसता इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा कचरा दिसे, आणि टंकलेखनाची कळपट्टीही संचागणिक वेगळी. अशा अवस्थेत गावातील शेतकऱ्याने केंद्रात यावे, खुर्चीवर बसावे, आणि जागतिक जाळ्यावरून पीकरोगांवरील उपाय किंवा वाशी बाजारातील दर शोधावेत, हे चित्र रंगविणाऱ्यांच्या सद्हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही; त्यांनी फक्त सभासदाच्या त्या चार प्रश्नांची यादी आपल्या यादीच्या शेवटी ठेवली होती.

घडले ते असे, की केंद्रे चालली, पण संकल्पात योजिलेल्या कामांसाठी चालली नाहीत. आरोग्य, शिक्षण आणि बाजारभाव मागे पडले, आणि केंद्रातील संगणक हा कारखान्याच्या खतावणीचा गावातील एक झरोका होऊन राहिला. नोंद, चिठ्ठी, वजन, खत, बिल, इतकेच लोक विचारीत. आणि तेही स्वतः विचारीत नसत, केंद्रचालकाला विचारीत. तो कळा दाबी, पडदा वाची, कागद छापून देई. जो पडदा शेतकऱ्याने वापरावयाचा म्हणून बसविला होता त्याच्यापुढे शेतकरी क्वचितच बसला, आणि पूर्वी कुलकर्ण्याच्या ओसरीवर जी जागा होती तिच्याच जातीची एक जागा संगणकाच्या टेबलाभोवती तयार झाली. यास अपयश म्हणावे की नाही, याविषयी माझे मत निराळे आहे. गट कार्यालयाचा हेलपाटा वाचणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि गावातल्याच ओळखीच्या माणसाने मराठीत उत्तर देणे हे कोणत्याही सुबक पानापेक्षा सोयीचे असते. परंतु अडीच कोटींच्या योजनेचे मूल्यमापन करणाऱ्यांना, जाळ्यावर किती लोक आले याचीच मोजदाद करण्याची सवय असल्यामुळे, हा उपयोग उपयोगात धरवला नाही.

मध्यंतरी संगणक जुने झाले. वीज भारनियमनात जाऊ लागली; त्या वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दिवसाचे कित्येक तास अंधारातच जात, आणि तोडीच्या ऐन हंगामातही त्यांतून सुटका नसे. दूरध्वनीच्या तारेवरून माहिती पाठविण्याचे काम रखडे, सुटे भाग मिळेनासे झाले, दुरुस्तीचा खर्च वाढला. याच सुमारास दुसरीकडे एक गोष्ट कोणत्याही कृतिदलाच्या शिफारशीवाचून घडून आली होती. २००३ मध्ये देशात येणारे दूरध्वनी मोफत झाले, मोबाईल संच स्वस्त झाले, आणि ज्या सभासदाने केंद्रातील संगणकाला कधी हात लावला नव्हता त्याच्या सदऱ्याच्या खिशात एक छोटा पडदा आपोआप येऊन बसला.

बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया या संस्थेतील राजेश वीरराघवन, नाग यशोधर आणि केंटारो तोयामा यांनी या बदलाची दखल घेतली. संगणक अधिक चांगले कसे करता येतील हे पाहावयास येणाऱ्या बहुतेक तज्ज्ञांप्रमाणे त्यांनी नवे यंत्र सुचविले नाही. त्यांनी आधी केंद्रात नेमके काय चालते ते पाहिले, आणि जे काय चालते ते सारे एका छोट्या संदेशात मावते असा निष्कर्ष काढला. मोबाईलवरील संदेशाला १६० अक्षरांची मर्यादा असते. परंतु वजन किती, खत किती, चिठ्ठी कोणत्या तारखेची, या प्रश्नांच्या उत्तरांना इतकीही अक्षरे लागत नाहीत. कारखान्यातील एका संगणकाला मोबाईल संच जोडला, खतावणीशी त्याची गाठ घातली, आणि प्रश्न संदेशाने जाऊन उत्तर संदेशानेच परत यावे अशी योजना केली. सात गावांत आठ महिने हा प्रयोग चालला. संगणकावर होणारी सर्व कामे मोबाईलवर होऊ शकली, खर्च कमी आला, शेतकऱ्यांना ही पद्धत अधिक पसंत पडली, आणि सर्व गावांत ती लागू केल्यास कारखान्याचे दहा लाख रुपये वाचतील असा हिशेब या मंडळींनी २००७ मध्ये मांडला. प्रयोगाला त्यांनी दिलेले नाव, ‘वारणा अनवायर्ड’, हे मूळ योजनेच्या नावावरील एक सौम्य टीकाच म्हणावयास हरकत नाही.

या प्रयोगातील चातुर्य यंत्रात नव्हते. खिशातला तो पडदा केंद्रातल्या पडद्याहून लहान, रंगहीन आणि चित्रहीन होता. त्यावर वरपासून खालपर्यंत पाहण्यासारखे काही नव्हते आणि म्हणून चुकण्यासारखेही काही नव्हते. कोल्हापूरचा माणूस पेठांतून पत्ता शोधताना दर चौकात विचारीत जातो, परंतु राजारामपुरीत गल्ल्यांना क्रमांक असल्यामुळे सातव्या गल्लीला जाताना तो कोणाला विचारीत नाही. जाळ्यावरील पानाची मांडणी करणाऱ्यांना जे पुस्तके लिहून सांगावे लागते ते एवढेच आहे. वारणेच्या मोबाईल प्रयोगात तर गल्ल्यासुद्धा नव्हत्या, कारण जावयाचे ठिकाणच मुळी एक होते. आणि तरीही या यशाचे एक कारण असे होते की मधला माणूस त्यात नाहीसा झाला नाही. ज्याला मोबाईलवरील अक्षरे लागत नव्हती तो पूर्वीप्रमाणे केंद्रचालकाकडे जाऊ शकत होता, आणि ज्याला लागत होती त्याला जावे लागत नव्हते. तोयामा यांनी पुढे २०१५ मध्ये एक ग्रंथ लिहून असे प्रतिपादिले की तंत्रज्ञान माणसाच्या व संस्थांच्या मूळ शक्तीची केवळ वाढ करते, जी शक्ती नाही ती निर्माण करू शकत नाही. वारणेचा अनुभव त्यांच्या विचारामागे कितपत होता हे त्यांनीच सांगावे. पण वारणेत खतावणी बिनचूक होती, सभासद संघटित होता आणि कारखान्याला त्याच्या उसाची गरज होती, म्हणून संदेशाला उत्तर येत होते.

याउलट उदाहरण फार लांब नाही. कागलच्या पुढे दूधगंगा ओलांडली की कर्नाटकाची हद्द लागते, आणि तेथे २००० च्या सुमारास ‘भूमी’ नावाची जमीन-नोंदींची संगणकीय योजना आली. देशभर तिची वाखाणणी झाली, तालुक्याच्या गावी पैसे भरून उभ्या उभ्या उतारा मिळू लागला, लाचेला आळा बसला असेही तिच्याविषयी लिहिले गेले. ते यथार्थही असेल. परंतु बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील ज्या शेतकऱ्याच्या घरी मराठी बोलली जाते आणि ज्याचे बालपणीचे शिक्षण मराठी शाळेत झाले, त्याला तो सुंदर छापलेला उतारा कन्नडमध्ये मिळतो. छापयंत्राची गती वाढली आणि उतारा वाचून दाखविणारा माणूस शोधण्याचे काम जसेच्या तसे राहिले. केंद्र सरकारने २००९ मध्ये सरकारी संकेतस्थळांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली त्यांत मजकूर सुलभ असावा, दृष्टिहीनांनाही तो वापरता यावा, प्रादेशिक भाषांचा अवलंब व्हावा, इत्यादी सूचना आहेत. सीमेवरील गावांत कोणती भाषा प्रादेशिक मानावयाची हा प्रश्न मात्र तत्त्वांच्या आवाक्याबाहेरचा आहे, आणि तो १९५६ पासून तसाच आहे.

महाराष्ट्रात सातबाऱ्याचे संगणकीकरण रडतखडत का होईना पुरे झाले. आता १५ रुपये भरले की डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या निघतो, आणि बँक तो मान्य करते. मला अधिक मोलाचा वाटतो तो २०२० मधील बदल, ज्यात या कागदाच्या मांडणीलाच कित्येक दशकांनंतर हात घालण्यात आला. गावाच्या नावासमोर त्याचा सांकेतिक क्रमांक आला, लागवडीयोग्य आणि पोटखराब क्षेत्र वेगळे दाखवून त्यांची बेरीजही मांडली गेली, खातेदाराच्या नावासमोरच त्याचा खाते क्रमांक आला, प्रलंबित फेरफाराचा उल्लेख स्वतंत्रपणे आला; आणि पूर्वी जी मयतांची व फिटलेल्या बोजांची नावे कंसात घातली जात त्यांवर सरळ आडवी रेघ मारण्याचे ठरले. खोडलेले नाव खोडलेलेच दिसले पाहिजे, हे सुचावयास इतकी वर्षे का लागावीत, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की कंसाचा अर्थ ज्यांना माहीत होता त्यांनाच तो नमुना रोज हाताळावा लागत होता आणि त्यांची काही तक्रार नव्हती. या एका रेघेने चावडीतील जितके हेलपाटे वाचविले असतील तितके कित्येक महागड्या संकेतस्थळांनी वाचविले नसतील.

पुढच्या वर्षी, १५ ऑगस्ट २०२१ पासून, ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली, आणि जी पीकपाहणी पूर्वी तलाठी करीत असे ती शेतकऱ्याने स्वतः आपल्या बांधावर उभे राहून मोबाईलमधून छायाचित्रासह नोंदवावयाची झाली. येथे इतिहासाचे चक्र एका विलक्षण जागी आले आहे. १९१८ मध्ये कुलकर्ण्याची लेखणी तलाठ्याच्या हाती गेली. शंभर वर्षांनी ती तलाठ्याच्या हातून निघून रयतेच्या हाती आली. हे स्वातंत्र्य आहे यात संदेह नाही, आणि नोंदीत उसाऐवजी दुसरेच काही पीक लावले जाण्याची जुनी तक्रार त्यामुळे कमी व्हावी. परंतु लेखणीबरोबर लेखकाचे कामही हाती आले, हे विसरता येत नाही. गगनबावडा किंवा शाहूवाडीच्या डोंगरात जेथे रेंजसाठी टेकडी चढावी लागते, किंवा जेथे खातेदार साठी उलटलेला आणि मुलगा पुण्याला नोकरीस असतो, तेथे हे काम शेजारच्या पोराकडून करून घ्यावे लागते. आणि मग ते पोर हाच त्या गावचा नवा, बिनपगारी कारकून होतो. त्याच्या पदाची नोंद कोणत्याही दफ्तरात नाही. २०२२ मध्ये साखर आयुक्तालयाने उसाच्या नोंदीसाठीही असेच एक ॲप आणले, ज्यात कारखान्याच्या गट कार्यालयाकडे न जाता शेतकऱ्याला आपली लागण स्वतः नोंदविता यावी; तेव्हा सभासदाच्या त्या चार प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर त्याच्या हाती आले असे मानावयास हरकत नाही.

वजनाचा आकडाही हल्ली अनेक कारखान्यांचे सभासद मोबाईलवर पाहतात. त्या चारांपैकी बाकी राहतात ते दोन प्रश्न. तोड कधी, या प्रश्नाचे उत्तर लागणीच्या तारखेवरून काढता येते आणि प्रत्यक्षात ते नेहमीच तसे निघते असे नाही, कारण बीड-अहिल्यानगरकडील टोळ्या किती आल्या, मुकादमाने उचल घेऊन दांडी मारली का, पाऊस किती लांबला, फडाकडे जाणारी वाट वाळली का, यांवर पाळी पुढेमागे होते. आणि कोणाचा कोणाशी किती घरोबा आहे यावरही होते, अशी कुजबुज प्रत्येक हंगामात प्रत्येक गटात ऐकू येते. या कारणांपैकी पहिली चार खतावणीत लिहिता येतात आणि पडद्यावर दाखविताही येतात. पाचवे कोणी लिहीत नाही, आणि जे लिहिलेले नाही ते कोणत्याही संदेशाला उत्तर म्हणून येत नाही. बिलाचे तसे नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याचे बंधन घातले आहे आणि त्यापुढे शेकडा १५ व्याज ठरविले आहे; जयसिंगपूरच्या ऊस परिषदांत या तरतुदीचा उच्चार इतक्या वेळा झाला आहे की शिरोळ तालुक्यातील शाळकरी मुलालाही ती ठाऊक असावी. काटापावतीची तारीख कारखान्याच्या संगणकात आहे, दर आहे, वजन आहे. चौदावा दिवस कोणता, तो उलटून किती दिवस झाले आणि आजपर्यंतचे व्याज किती झाले, ही वजाबाकी-गुणाकाराची आकडेमोड त्या संगणकाला क्षणाचीही नाही. ती सभासदाच्या मोबाईलवर वजनाच्या खालच्याच ओळीत दाखवावी की न दाखवावी, हा निर्णय पानाची मांडणी करणाऱ्यापर्यंत येतच नाही; तो संचालक मंडळाच्या बैठकीत होतो.